पडदा नको म्हणणारे साडू

जगात जे जे दिसण्यासाठी केलेलं असतं ते ते सगळं फालतू असतं, असं मानणारा आणि तरीही लोकांना न बांधलेली घरं दाखवून पोट भरणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि तो माझा साडू आहे. साडू हे नातं मोठं सोयीचं. ते आपण निवडलेलं नसतं, समोरच्यानंही निवडलेलं नसतं, आणि दोघांनी एकाच घरचं जावईपण भोगलेलं असल्यामुळे एका बराकीत राहिलेल्यांसारखा समजूतदारपणा आपोआप येतो. माझे हे थोरले साडू केडगावात राहतात. शोधत गेलात तर सापडणार नाहीत, कारण दारावर पाटी नाही. होती. अक्कांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, हौसेनं पितळेची करून आणलेली. साडूंनी ती दुसऱ्याच दिवशी उतरवली आणि तिच्या पाठीवर लसूण ठेचायला सुरुवात केली. "ज्याला यायचंय त्याला घर माहीत असतं," असं ते कुरिअरवाल्याला फोनवर सांगतात, "आणि ज्याला माहीत नाही त्याचं आपल्याकडे काय काम?" तो बिचारा पाकीट खालच्या किराणा दुकानात टाकून पळतो. आता त्या दुकानदारालाच लोक साडूंच्या नावानं हाक मारतात.

चौकातून त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षा. वाढदिवसाच्या प्रत्येक फ्लेक्ससमोर ते थांबतात. भावी अमुक, आधारस्तंभ तमुक, गळ्यात साखळ्या, डोळ्यांवर गॉगल, खाली शुभेच्छुकांची डोकी. साडू ते सगळं चष्मा वर करून बारकाईनं बघतात आणि मोठ्यानं म्हणतात, "हा उजवा हात ह्या माणसाचा नाही. उजेड डावीकडून येतोय आणि हाताची सावलीही डावीकडेच. हात दुसऱ्याचा आहे." बाजूला उभे असलेले शुभेच्छुक आधी फ्लेक्सकडे आणि मग आमच्याकडे बघायला लागतात. मी साडूंना दंडाला धरून पुढे काढतो. लग्नात ते वधूवरांना भेटायला स्टेजवर कधीच जात नाहीत. मांडवाच्या मागे जाऊन आचाऱ्याशी आणि जनरेटरवाल्याशी गप्पा मारतात, तिथंच जेवतात आणि परत येताना निकाल देतात, "लग्न चांगलं झालं. बटाटा नीट शिजला होता." नवरी कशी होती हे विचारलं तर म्हणतात, "असेल की. फोटो निघालेत ना तिचे? मग झालं."

अशा माणसानं धंदा निवडावा तो इलेव्हेशनचा! आमच्या जिल्ह्यात हल्ली कुणीही घर बांधायचं म्हटलं की आधी त्याचं चित्र हवं असतं. कॉम्प्युटरवर खरंखुरं वाटेल असं, संध्याकाळच्या उजेडात, दारात गाडी उभी, गॅलरीत कुंड्या, आकाशात ढग. ते चित्र मोबाईलवर पाव्हण्यारावळ्यांना दाखवून झालं की मग पाया खणतात. साडू ही चित्रं करतात आणि फार सुंदर करतात. पण त्यांची पद्धत अशी की ते घराची मागची बाजू आधी काढतात. मोरी, भांडी घासायची जागा, पाणी कुठे वाहून जाणार, सरपण किंवा सिलिंडर कुठे, चपला कुठे. घोडेगावचा एक बागायतदार पोरासोरांना घेऊन बंगला बघायला आला, त्याला साडूंनी अर्धा तास मोरी दाखवली.

"साहेब, पुढचं दावा की," तो शेवटी काकुळतीला आला.

"पुढचं लोक बघतील. तुम्ही मागंच राहणार आहात."

"आवं पन लोक बघत्याल म्हनूनच तर बांधतोय ना!"

साडूंनी असं काही त्याच्याकडे पाहिलं की तो माणूस उगाचच खजील झाला आणि म्हणाला, "मोरी झ्याक हाय पन." त्यांना मनापासून आवडलेलं गिऱ्हाईक एकच, शनिशिंगणापूरचं. "तिथं दारावर गणपती कोरू का मोर, हा प्रश्नच नाही," ते समाधानानं म्हणाले. "शहाणं गाव आहे. दारच नाही."

आता ही चित्रं काढायला साधा कॉम्प्युटर चालत नाही. त्यात चित्र रंगवणारं एक वजनदार कार्ड लागतं, ते तापतं, त्याला पंखे लागतात आणि पंखे सुरू झाले की खोलीत विमान उभं असल्यासारखा आवाज होतो. केडगावच्या दोन खोल्यांत ते विमान आठवडाभर राहिलं. मग अक्का म्हणाल्या, "एक तर हे राहील, नाही तर मी. तुमचं तुम्ही बघा." साडूंनी विचार करायला जरा जास्तच वेळ घेतला, असं अक्का अजूनही सांगतात.

तेव्हा धावून आले ते तिसगावचे दादा. दादा म्हणजे साडूंचे सख्खे थोरले बंधू. तिसगावात त्यांची पिठाची गिरणी, छपरावर सौर पट्ट्या, वीज कायम, इंटरनेटची चांगली लाइन आलेली. दादांनी फोनवर सांगितलं, "आण हिकडं त्ये. गिरनीच्या आवाजात त्याला कोन विचारतंय?" मशीन तिसगावला गेलं आणि गिरणीमागच्या खोलीत बसलं. साडू केडगावात एका जुनाट लॅपटॉपवरून ते चालवणार, असा बेत. मशीनला मॉनिटर घ्यायचा प्रश्नच नव्हता. "डोळे माझ्याकडे आहेत, त्याला पडदा कशाला?" साडूंनी विचारलं. की-बोर्ड नाही, माऊस नाही, मॉनिटर नाही, नुसता काळा खोका. दादांनी त्याला एकदा आपादमस्तक बघितलं आणि नाव ठेवलं, बोडकं. दर रविवारी गिरणी बंद झाली की दादा हवेच्या पाइपानं बोडक्याच्या पंख्यांतलं पीठ उडवीत, बैलाचे डोळे पुसावेत तितक्या हलक्या हातानं.

पण बोडकं पहिल्याच दिवशी रुसलं. साडूंनी केडगावात लॅपटॉप उघडला तर समोर टपाल तिकिटाएवढं चित्र, आणि माऊसचा बाण चिखलातून चालल्यासारखा. कधी नुसताच काळा चौकोन. साडूंनी दोन दिवस पुस्तकं चाळली, परदेशातल्या अनोळखी लोकांना प्रश्न विचारले, आणि मग मला जे समजावलं ते असं की, ते चित्र काढणारं कार्ड सुरू होतानाच विचारतं, समोर पडदा आहे का? नसला तर त्याला वाटतं, बघणारं कुणी नाही, मग रंगवायचं कुणासाठी? ते हात आखडून बसतं. आणि ज्यानं मुळात चित्र काढलंच नाही त्याचं चित्र दुरून बघायला मागितलं तर ते देणार कुठून? हे सांगताना साडूंचा चेहरा असा झाला होता की जणू घरचाच कुणी नाटकात शिरला. "म्हणजे हेही त्यातलंच," ते म्हणाले. "बघणारा असेल तरच अंगात येणार."

तोड दादांनी काढली. हॉलमधला जुना टीव्ही नाही तरी काढायचाच होता, तो त्यांनी खोलीत नेऊन बोडक्याला वायरीनं जोडला. कार्डाला पडदा दिसला आणि ते कामाला लागलं. केडगावात चित्र लख्ख. टीव्ही चालू असला की मात्र साडू केडगावात जे जे करतील ते ते तिसगावात त्या टीव्हीवरही दिसे. कुणी हात न लावता बाण फिरतोय, भिंती उभ्या राहतायत, खिडक्या उघडतायत. वहिनी, म्हणजे दादांच्या बायको, पहिल्यांदा बघून दाराबाहेरच थांबल्या होत्या. साडूंनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. दुसऱ्या टोकाला पडदा आहे एवढं त्यांना पुरेसं होतं, त्याच्यासमोर कुणी बसलंय का हा विचार त्यांच्या मनात यायचं कारण नव्हतं.

भांडण झालं ते गिरणीला लागूनच बांधलेल्या दादांच्या नव्या घरावरून. घराचं चित्र अर्थातच साडूंचं. साधं, लांबट, दक्षिणेच्या उन्हाला पाठ केलेलं, पुढे ओसरी, मागे ऐसपैस मोरी. दादांना ते आवडलंही होतं. पण बांधकाम सुरू झालं तसे दादांचे व्याही येऊन बघून गेले आणि घर वाढायला लागलं. आधी पुढे चार खांब आले. मग खांबांवर घुमटी आली. मग फाटकावर दोन सिंह बसले, एकमेकांकडे रागानं बघणारे, आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला कमळाचा आकार आला. साडू हे सगळं पहिल्यांदा पाहते झाले ते थेट वास्तुशांतीला. मांडव, भोजन, लाऊडस्पीकर. कुणा उत्साही माणसानं माईकवरून जाहीर केलं की या वास्तूचे शिल्पकार घरमालकांचे धाकटे बंधूच आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी साडूंच्या शेजारीच बसलो होतो. त्यांचा सदरा मी धरला होता, पण सदरा सुटला.

"हे घर मी काढलेलं नाही," साडू माईकवर शांतपणे म्हणाले. "माझ्या भावाचं घर ह्याच्या मागं कुठेतरी असेल. कुणाला सापडलं तर कळवा."

मांडव हसला. खदखदून हसला. पुढच्या रांगेत व्याही बसले होते, ते हसले नाहीत. दादांनी काहीच केलं नाही. ते फक्त उठले, ॲम्प्लिफायरपाशी गेले आणि आवाजाचं बटण हळूच शून्यावर आणलं. साडू न जेवता निघाले. आमच्याकडे शिव्या विसरतात, वास्तुशांतीच्या ताटावरून न जेवता उठलेला सख्खा भाऊ विसरत नाहीत.

अबोला सुरू झाला. आता प्रश्न बोडक्याचा. ते परत आणायचं तर साडूंना तिसगावला जावं लागणार, म्हणजे माघार. ते पाठवून द्यायचं तर भावाची वस्तू घराबाहेर काढल्यासारखं, म्हणजे दादांचा कमीपणा. म्हणून ते जिथल्या तिथे राहिलं आणि चालतही राहिलं. वैऱ्याच्या घरात, वैऱ्याच्या विजेवर, वैऱ्यानं दर रविवारी पीठ उडवून. अबोल्यातल्या माणसांना एक भिंत लागते, तिच्याशी बोललेलं पलीकडच्यानं ऐकायचं असतं. ती भिंत मी झालो. साडू भावाचा उल्लेख 'तिसगावकर' असा करू लागले. दादा तेवढेही करेनात. त्यांच्या बोलण्यात नुसता 'त्यो' असे.

"पावनं, तुमच्या साडूला म्हनावं, बोडकं लई गरम व्हतंय. कायतरी जड काम लावलंय वाटतं."

मी हे केडगावला कळवी. साडू म्हणत, "तिसगावकरांना सांगा, उद्या संपेल." मी ते तिसगावला कळवी. कधी वहिनींना मालिका बघायला तो टीव्ही हवा असला की त्या वायर काढीत, केडगावात चित्राचं तिकीट होई, आणि साडूंचा मला फोन येई, "राव, त्यांना म्हणावं, पडदा गेला." दोन माणसांच्या पडद्यासाठी तिसरा माणूस फोन करतोय, हे मला हास्यास्पद वाटे. पण मनातून बरंही वाटे. दोर तुटलेला नव्हता, फक्त माझ्या गळ्यातून गेला होता.

मग दादांचे निरोप जरा वेगळे येऊ लागले. "पावनं, त्याला म्हनावं, त्या डाक्टरच्या घराला मोरीचं तोंड वाऱ्याकडं ठिवलंय. समदा वास घरात यील." मी सांगितल्यावर साडू चमकले. डॉक्टरचं ते घर त्यांनी अजून डॉक्टरलाही दाखवलेलं नव्हतं. "यांना कुणी सांगितलं? डॉक्टरचा कंपाउंडर तिसगावचा आहे, तोच असणार," ते पुटपुटले. पण मोरी फिरवली. पंधरवड्यानं पुन्हा, "जिना त्या कोपऱ्यात नसतो म्हनावं, घरात कुनी टिकत न्हाई." ह्याला साडूंनी उत्तर पाठवलं, "तिसगावकरांना सांगा, जिन्यावरून माणसं चढतात, भुतं नाही." दादांकडून प्रत्युत्तर आलं, "त्येला म्हनावं, पायऱ्या तरी मोज. एक लई उंच झालीया. भूत बी पडंल." साडूंनी मोजल्या. एक उंच झाली होती. त्या दिवशी साडू मला म्हणाले, "तिसगावकरांचा आज आणखी काही फोन?" आणि मला वाटलं, झालं, आता हे दिवाळीपर्यंत मिटतंय. दोघंही इतके मजेत होते.

ते मिटलं नाही. नेमका प्रेमाचाच निरोप आडवा आला. साडूंना ताप आला होता आणि दोन दिवस ते पडून होते. दुपारी दादांचा मला फोन. आवाज नेहमीचा नव्हता.

"पावनं, काल धरनं बान हालला न्हाई."

"कसला बाण?"

"आवं टीवीवरचा. रोज सकाळी हालतो. काल न्हाई, आज न्हाई. त्यो बरा हाय ना?"

मी सांगितलं, ताप आहे, उतरतोय. दादा "बरं बरं" म्हणाले, मग म्हणाले, "इच्यारलं म्हनून सांगू नका." पण भिंतीला इतकं तारतम्य कुठलं असतं? शिवाय मला खरंच वाटलं होतं की हे ऐकून साडू विरघळतील. मी त्यांच्या उशाशी बसून सगळं जसंच्या तसं सांगितलं. साडू उठून बसले. तापानं आधीच लाल झालेला चेहरा आणखी लाल झाला.

"म्हणजे समोर बसतात? रोज? माझी हजेरी घेतात?"

"हजेरी काय त्यात, काळजी वाटली त्यांना."

"काळजी न्हाई, पाळत! मी काय चितारतो, काय खोडतो, कुठं चुकतो, समदं बघत बसायचं आन् वरनं सांगायचं! मोरी म्हणं! जिना म्हणं!" साडू रागावले की त्यांच्या बोलण्यात तिसगाव येतं. त्या दिवशी ते बरंच आलं.

आठवड्याच्या आत त्यांनी एक वस्तू मागवली. अंगठ्याच्या पेराएवढी, काळी, एका बाजूनं टीव्हीच्या वायरीच्या टोकासारखी आणि दुसऱ्या बाजूनं काहीच नाही. डमी प्लग म्हणतात. ती मशीनच्या पाठीत खोचली की कार्डाला वाटतं, पडदा जोडलाय. पडदा नसतोच. पण कार्ड समजतं की आहे, आणि जीव तोडून रंगवायला लागतं. ती वस्तू तळहातावर घेऊन साडूंनी मला जवळजवळ व्याख्यान दिलं. "समोर कुणी आहे असं त्याला नुसतं वाटलं की पुरे. खरंच कुणी असायची गरज नाही." मी म्हटलं, आमच्याकडच्या सभांत हे तंत्र जुनं आहे, फक्त तिथं ट्रकनं माणसं आणावी लागतात. साडू एरवी हसले असते. त्या दिवशी ते कुणाचंच ऐकत नव्हते. आपल्याला कुणाचंच काही लागत नाही, असं वाटण्याचा एखादा दिवस माणसाला फार उंचावर नेऊन ठेवतो. तिथं वारा जास्त असतो, म्हणून खालचं ऐकू येत नाही.

प्लग तिसगावच्या भाजीच्या टेम्पोतून गेला. बोडक्याच्या पाठीला धड असं एकच भोक होतं, त्यात टीव्हीची वायर होती. ती काढून हा बसवायचा. हे काम दादांनाच करावं लागणार होतं, आणि सांगायचं काम मला.

"आलं का पार्सल, दादा?"

"आलं. एवढंसं हाय. काय करायचं ह्येचं?"

"टीव्हीची वायर काढायची आणि तिथं हे लावायचं."

"मंग टीवी कुटं लावू?"

"टीव्हीची आता गरज नाही म्हणतात."

पलीकडे गिरणीचा पट्टा फिरत होता, तेवढंच ऐकू येत होतं. मग दादा म्हणाले, "टीवीचं बिल त्यो भरत न्हाई. आसू दे की चालू."

"तसं नाही दादा. दोन्ही लागत नाही तिथं."

"व्हय का." पुन्हा पट्ट्याचा आवाज. "बरं. काडतो."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं काढली. केडगावात साडू लॅपटॉपसमोर बसलेले होते. क्षणभर काळं झालं आणि मग चित्र आलं ते इतकं स्वच्छ, इतकं मोठं की साडू टाळी वाजवून म्हणाले, "बघा! कुणाच्या उपकाराशिवाय!"

त्यानंतर तिसगावहून फोन येणं थांबलं. रुसून नाही. त्यांना सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. साडू पहिले काही दिवस विजयी मुद्रेनं होते, मग नुसतेच होते. कामं चालली होती, चित्रं सुबक होती. फक्त ज्या माणसानं गिऱ्हाइकाला उभ्या आयुष्यात काही विचारलं नव्हतं, तो एखादं घर पुरं झालं की कुणालाही विचारू लागला, "जिना बरा आहे ना? पायऱ्या?" अक्कांना विचारी, मला विचारी, खालच्या किराणा दुकानदाराला वर बोलावून विचारी. सगळे म्हणत, "छान आहे." साडूंना 'छान आहे' ह्या शब्दांचा आधीपासून तिटकारा. आता तो फारच वाढला. अधूनमधून, दुसरंच काही बोलताबोलता, ते मला विचारीत, "तिकडचं काही?" मी म्हणे, "काही नाही." मग ते पेन शोधू लागत, खिशालाच लावलेलं.

मी जा म्हणत होतो. अक्का जा म्हणत होत्या. साडूंकडे तारीख नेहमी तयार असे, आणि ती नेहमी पुढची असे. पितृपक्ष झाला की, मग घट उठले की. दसऱ्याला मात्र ते खरोखर निघाले. थोरल्याला सोनं द्यायला जायचं, आपट्याची पानं हातात दिली की पाया पडायचं, पाया पडलं की पुढचं काही बोलावं लागत नाही, अशी ती जुनी सोय. पानं खिशात, अंगात धुतलेला सदरा, स्कूटरला किक. करंजीच्या घाटापर्यंत गेले आणि परत आले. "गाडी तापली," म्हणाले. स्कूटर दारात उभी होती, मी इंजिनाला हात लावून पाहिला नाही. काही गोष्टी तपासून बघू नयेत इतपत वाचन माझं झालेलं आहे.

थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी वहिनींचा फोन आला. तो मलाच आला. "पावनं, गिरनीत पडले. उजवा हात उचलंना, तोंड वाकडं झालंय. नगरला आनतोय. तुमी सांगा भावजींना. मला धीर व्हईना त्यांना फोन लावायचा." अशा वेळीसुद्धा तो निरोप भिंतीकडूनच जायचा होता. मी सांगितलं तेव्हा साडू भाकरी खात होते. तुकडा तसाच हातात धरून ते जिना उतरले, दवाखान्यापर्यंत तो त्यांच्या मुठीत होता. दादांच्या कॉटपाशी जाऊन ते म्हणाले, "दादा." दीड वर्षात पहिल्यांदा. दादांनी डोळे उघडले, भावाला पाहिलं, ओठ हलवले, पुन्हा हलवले, आणि शब्द आला नाही. डॉक्टरांनी बाहेर सांगितलं की जीव वाचला आहे, वाचेचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही. अबोला सुटला होता, आणि आता बोलता येत नव्हतं.

दादांना घरी नेलं त्या दिवशी मी बरोबर होतो. फाटकावरचे सिंह ओलांडून आम्ही आत गेलो. साडू मान खाली घालून गिरणीमागच्या खोलीत गेले, बोडक्यापाशी. वहिनी चहा घेऊन आल्या. त्या खोलीत एक प्लास्टिकची खुर्ची होती, रिकाम्या टेबलाकडे तोंड करून ठेवलेली.

"ही खुर्ची?" साडूंनी विचारलं.

"त्यांची. टीवी काडला तरी च्या हितंच घ्यायचे. मी म्हनायची, आता काय दिसतंय त्यात? तर म्हनायचे, दिसत न्हाई, पन ऐकू येतंय. पंखे जोरात लागले की म्हनायचे, आज काम हाय त्याला. बारीक आवाज असला की म्हनायचे, जेवायला उठला आसंल." वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "मी म्हनलं, फोन करा की सरळ. म्हनले, पाळत ठिवतो म्हनंल."

साडूंनी चहाचा कप रिकाम्या टेबलावर ठेवला. पाळत हा शब्द केडगावातला, माझ्यासमोर उच्चारलेला. तो मी तिसगावला पोचवलेला नव्हता. दादांना तो आधीपासूनच माहीत होता. धाकट्या भावाला ते साठ वर्षं ओळखत होते.

हल्ली साडू आठवड्यातले बरेच दिवस तिसगावातच असतात. अक्का कुरकुरत नाहीत, उलट त्यांनीच घडीची गादी बांधून दिली. दादांची कॉट त्याच खोलीत आणलीय आणि तिच्यासमोरच्या भिंतीवर साडूंनी एक भलामोठा मॉनिटर लावलाय, लग्नाच्या हॉलात शोभेल असा. जो माणूस दारावरची पाटी सहन करत नव्हता, तो आता शेजारी बसून चित्र काढतो आणि प्रत्येक रेघ भावाला दाखवतो. वहिनी शेंगोळी करतात. दादा उशीला टेकून बघतात. उजवा हात थोडा हलतो, डोळे चांगले हलतात, शब्द अजून नाही. वाचा येईल, असं डॉक्टर म्हणतात. येईलही.

मागच्या आठवड्यात मी गेलो तर दारातूनच भांडण ऐकू आलं. क्षणभर मला वाटलं, वाचा आली. आत बघतो तर साडू एकटेच दोन्हींकडून बोलत होते.

"आता ह्या गिऱ्हाइकाच्या घराला खांब कशाला, दादा?"

"कशाला म्हंजे? पावने आले तर त्येंला काय दावायचं, मोरी?"

"अरे पण खर्च..."

"खर्च त्येचा, जीव तुजा का जातोय? आयुष्यभर कमावलं त्येनं, दोन खांब बगू देत की लोकांना."

"बरोबर आहे तुझं, दादा."

मी दारातच बसून बराच वेळ ऐकत राहिलो. खांब, जिना, सिंह, टाकीचं कमळ, एकेक विषय निघत होता आणि प्रत्येक वादात दादाच जिंकत होते. फक्त साडूंच्या तोंडचे दादा जरा जास्त मवाळ वाटत होते. खरे दादा इतक्या सौम्यपणे कधीच बोलले नसते, आणि हे साडूंनाही कळत असावं. कारण दादांचं एखादं वाक्य बोलून झालं की ते थांबत आणि कॉटकडे बघत, बरोबर बोललो का, असं. दादा त्यांच्याकडे बघत राहत. मग साडू मान हलवत, घसा खाकरत, आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा अधिक लागेल असं, स्वतःलाच ऐकवत.